तोंड आलंय? आधी तारीख लिहून ठेवा! साधा छाला कोणता आणि डॉक्टरांना दाखवायची जखम कोणती?

जेवणाची सुट्टी होते. कँटीनमध्ये ताट समोर येतं. पहिला घास रश्शात बुडवून तोंडात जातो आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. भाजी फार तिखट असते असं नाही; गालाच्या आत कालपासून एक छोटासा छाला आलेला असतो. शेजारी बसलेला सहकारी सांगतो, "उष्णता झालीय, ताक पी." दुसरा म्हणतो, "बी-कॉम्प्लेक्सची गोळी घे." तिसऱ्याचा ठरलेला प्रश्न, "पोट साफ होतंय ना?"

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, महाळुंगे, तळेगाव... या पट्ट्यात कुठल्याही कारखान्यात हा संवाद ऐकू येतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा यातलं काहीही केलं किंवा काहीच केलं नाही, तरी आठ-दहा दिवसांत तोंड बरं होतं. म्हणूनच तोंड येणं कुणी गांभीर्यानं घेत नाही.

अडचण इथेच आहे. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातही अनेकदा अशाच एका छोट्या जखमेनं होते. फरक एवढाच की ती जखम आठ-दहा दिवसांत जात नाही आणि सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. मग साधा छाला आणि धोक्याची जखम ओळखायची कशी? कशाची वाट पाहायची, कधी थांबायचं नाही आणि आपल्या भागात दाखवायचं कुठे? समजून घेऊया.

तोंड येतं म्हणजे नेमकं काय होतं?

गाल, ओठ, जीभ यांच्या आतल्या बाजूला पातळ, ओलसर त्वचेचं अस्तर असतं. हे अस्तर एखाद्या ठिकाणी झिजलं किंवा फाटलं की खालचा भाग उघडा पडतो. त्याला आपण छाला किंवा व्रण म्हणतो. खालच्या मज्जातंतूंना मीठ, तिखट, आंबट थेट लागतं, म्हणून आग होते.

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे वैद्यकीय भाषेतला 'अॅप्थस अल्सर'. साधारण पाचातल्या एका माणसाला तो आयुष्यात कधी ना कधी, आणि अनेकांना पुन्हा पुन्हा होतो. तो संसर्गजन्य नाही. एकाच्या बाटलीतून दुसऱ्यानं पाणी प्यायलं म्हणून तो पसरत नाही. त्याची ओळख सोपी आहे.

• आकार गोल किंवा लंबगोल, मधे पिवळट-पांढरा थर आणि भोवती लाल कडा.
• आकार बहुधा १० मिलिमीटरपेक्षा कमी.
• जागा मऊ भागात: गालाची व ओठाची आतली बाजू, जिभेखाली, जिभेची कड.
• पहिले तीन-चार दिवस चांगलाच दुखतो, मग दुखणं उतरत जातं.
• ७ ते १४ दिवसांत खूण न ठेवता बरा होतो.
• पुढच्या वेळी येतो तो बहुधा वेगळ्या जागी.

काहींना १० मिलिमीटरपेक्षा मोठे, खोल छाले येतात. ते भरायला कित्येक आठवडे लागतात आणि मागे वण राहतो. तर काहींना टाचणीच्या टोकाएवढे बारीक छाले एकदम डझनावारी येतात. हे दोन्ही प्रकार कमी दिसतात, पण ते घरी काढायचे नाहीत, डॉक्टरांकडे जायचं.

'उष्णता' म्हणतात ती हीच का?

आजी ज्याला उष्णता म्हणायची, त्यामागची कारणं आज बरीच माहीत आहेत. एकच एक कारण मात्र सापडत नाही. साधारणपणे शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा तोंडाच्या अस्तरावर काही काळ हल्ला करते. तिला चिथावणी देणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काही आपल्या पट्ट्यातल्या जगण्याशी थेट जोडलेल्या आहेत.

झोप आणि ताण: एक आठवडा पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, त्यात महिनाअखेरचं टार्गेट. झोपेचं गणित बिघडलं आणि ताण वाढला की अनेकांचं तोंड येतं. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांचं येतं, तसंच.

जेवण: खोली घेऊन चार-पाच जणांत राहणारी मुलं नाश्त्याला वडापाव, दुपारी कँटीन आणि रात्री मेसचा डबा यावर दिवस काढतात. पालेभाजी, फळं, दूध, अंडी मागे पडतात. लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की वारंवार छाले येऊ शकतात. पूर्ण शाकाहारी लोकांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकतं.

घासणारी गोष्ट: तुटलेल्या दाढेची धार, सैल कवळी, दातांची तार, घाईत चावलेला गाल. एकाच जागी सारखं घासत राहिलं की जखम होते. कारण काढलं नाही तर ती भरत नाही.

भाजणं: दात दुखतो म्हणून काही जण वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून धरतात. गोळी गिळायची असते. तशी धरली तर ती अस्तर जाळते. तंबाखूत मळलेला चुनाही तेच करतो. तो तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे जिथे बार धरला जातो तिथली त्वचा पोळते.

टूथपेस्ट: बऱ्याच टूथपेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं. काहींना ते सोसत नाही. वारंवार तोंड येत असेल तर ते नसलेली पेस्ट महिना-दोन महिने वापरून पाहता येते.

कामावरची वाफ: भोसरी, चाकणच्या छोट्या युनिटमध्ये प्लेटिंग किंवा अॅसिड पिकलिंगच्या टाक्यांजवळ काम करणाऱ्यांच्या नाका-तोंडात अॅसिडचे सूक्ष्म थेंब जातात. त्यानं तोंडात जळजळ होते आणि समोरच्या दातांचा वरचा थर झिजू शकतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण काय काम करतो हे त्यांना सांगा.

तोंडातली प्रत्येक जखम अॅप्थस नसते

ताप, मग पाण्यानं भरलेले बारीक फोड, ते फुटून हिरड्यांवर, टाळूवर किंवा ओठाच्या कडेला जखमा, असा क्रम असेल तर तो बहुधा हर्पिस विषाणूचा संसर्ग असतो. हा मात्र पसरतो.

लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि त्याच वेळी तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो 'हँड, फूट अँड माउथ' हा विषाणूजन्य आजार असू शकतो. बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात. पण तोंड दुखतं म्हणून मूल पाणीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर लगेच दाखवायला हवं.

पांढरा, दह्यासारखा थर पुसला की खाली लाल दिसत असेल तर तो बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. मधुमेह ताब्यात नसलेल्यांत, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांत आणि कवळी रात्रभर तोंडातच ठेवणाऱ्यांत तो जास्त दिसतो.

काही औषधांमुळेही तोंड येतं. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात जखमा होणं ही विषबाधेची पहिली खूण असू शकते. थायरॉइड कमी करणारी कार्बिमॅझोलसारखी गोळी सुरू असताना ताप, घसादुखी आणि तोंडात जखमा एकदम आल्या, तर त्याच दिवशी रक्ततपासणी लागते. अशा वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटलेल्या असू शकतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: कधीपासून?

मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला आधी काय विचारतो? "कधीपासून?" लॉगबुकात वेळ लिहिलेली असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. तोंडाच्या जखमेचंही तसंच आहे. आकार, रंग, दुखणं यावरून अंदाज बांधता येतो, पण सामान्य माणसाच्या हातातलं सर्वांत भरवशाचं मोजमाप म्हणजे दिवस.

नियम साधा आहे: तोंडातली कोणतीही जखम, लाल किंवा पांढरा चट्टा अथवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायची. दुखत असो वा नसो. तंबाखू खात असाल वा नसाल.

दोनच आठवडे का? कारण तोंडाचं अस्तर शरीरात सर्वांत वेगानं नवं होणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. चावलेला गाल, गरम चहानं पोळलेली जीभ, साधा छाला, हे सगळं एवढ्या काळात भरून येतं. नाही आलं, तर काहीतरी त्याला भरू देत नाहीये. ते कारण तुटक्या दाढेसारखं किरकोळ असेल किंवा गंभीर असेल. पण ते आरशात पाहून ठरवता येत नाही.

अनेकांची गफलत होते ती इथे. "मला नेहमीच तोंड येतं," म्हणून माणूस मोजायचं सोडून देतो. मागच्या महिन्यातला छाला आणि आजचा छाला एकच आहे की वेगळा, हे त्याला सांगता येत नाही. दर वेळी वेगळ्या जागी येऊन जाणारा छाला त्रासदायक असतो, पण सहसा धोक्याचा नसतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेली जखम मात्र वेगळी गोष्ट आहे.

यावर उपाय तुमच्या हातातच आहे. तुम्ही हे वाचताय तो मोबाइल. छाला दिसला त्या दिवशी टॉर्च लावून एक फोटो काढा. तारीख आपोआप नोंदली जाते. सात दिवसांनी दुसरा काढा, चौदाव्या दिवशी तिसरा. आकार कमी होत गेला असेल तर निश्चिंत राहा. तेवढाच असेल किंवा वाढला असेल तर तेच तीन फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. फोटोवरून निदान करून घ्यायचं नाही, ॲपवर शोधायचंही नाही. फोटो फक्त 'कधीपासून' या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी.

तंबाखू खाणाऱ्यांनी हे नक्की वाचा

कंपनीच्या गेटवर पुडी काढून घेतात, म्हणून आत जाण्याआधीच बार भरायचा आणि पाळीत तो गालफडात धरून ठेवायचा, ही सवय अनेकांना आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू, भूक मारायला मावा. विदर्भातून आलेल्यांची खर्ऱ्याची सवय सोबत येते. घरात एखादी मावशी, आजी मिश्री लावत असते आणि ती तंबाखूच आहे हे तिच्या गावीही नसतं.

जागतिक पाहणीचा भाग म्हणून २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न मुख्यतः बिडी-सिगारेटचा नाही, तो तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा आहे.

तंबाखू नसलेली सुपारीही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. तंबाखू वापरणाऱ्यांना साधे अॅप्थस छाले तुलनेनं कमी येतात. सततच्या माऱ्यानं तोंडाचं अस्तर जाड, राठ होतं, त्यामुळे ते सहज सोलत नाही. "तंबाखूनं माझं तोंड येत नाही" असं कुणी सांगतं, त्यात म्हणूनच थोडं तथ्य असतं. पण त्याचा अर्थ उलटा घ्यायला हवा. ज्याला साधे छाले सहसा येत नाहीत, त्याच्या तोंडात जखम दिसली आणि ती राहिली, तर 'उष्णता' म्हणून ती सोडून देण्याला आणखीच कमी जागा उरते.

तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना छाले येतात, तेही याचमुळे. "सोडली तर तोंड आलं" म्हणून पुन्हा पुडी हातात घेऊ नका. हे छाले तात्पुरते असतात. दोन आठवड्यांचा नियम इथेही तोच.

धोक्याच्या खुणा कोणत्या?

• दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, विशेषतः बार धरण्याच्या जागी, म्हणजे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर या जागी मोठ्या प्रमाणावर आढळतो.
• जखमेची कड उचललेली, हाताला टणक लागणारी. साध्या छाल्याची कड मऊ असते.
• पुसला न जाणारा पांढरा चट्टा किंवा मखमली लाल चट्टा. लाल चट्टा जास्त गंभीर मानला जातो.
• विनाकारण रक्त येणं, दात हलायला लागणं, कवळी अचानक नीट न बसणं.
• मानेत किंवा जबड्याखाली गाठ.
• जीभ हलवायला, गिळायला त्रास, आवाजात बदल, एका बाजूचा कान दुखणं.
• ओठ किंवा हनुवटी बधिर होणं.

एक साधी चाचणी घरी करा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधे जातात का पाहा. जात नसतील, किंवा पूर्वी जात होती आणि आता दोनच जातात, शिवाय तिखट अजिबात सोसत नसेल, तर सुपारीमुळे होणारा 'सबम्युकस फायब्रोसिस' असू शकतो. यात गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ, पांढुरकं होत जातं. यातल्या काही रुग्णांत पुढे कॅन्सर होतो. झालेला ताठरपणा पूर्ण जात नाही, पण सुपारी, मावा, गुटखा त्याच दिवशी थांबवला तर तो वाढणं रोखता येतं.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो कधी?

पुढच्या गोष्टींसाठी दोन आठवडे थांबायचं नाही.

• नवीन औषध सुरू केल्यावर तोंडात जखमा, सोबत ताप, अंगावर फोड किंवा डोळे लाल. औषध दाखवण्यासाठी सोबत घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.
• पाणीही गिळता न येणं, लाळ गळणं.
• जबड्याला किंवा गळ्याला वाढती सूज, तोंड उघडेनासं होणं, श्वासाला त्रास.
• कॅन्सरची केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असताना ताप आणि तोंडात जखमा.

तोंड वारंवार येतं आणि त्यासोबत वजन घटतंय, जुलाब होतायत, सांधे दुखतायत, गुप्तांगावर जखमा होतायत किंवा डोळे लाल होतायत, तर मूळ आजार पोटाचा किंवा प्रतिकारयंत्रणेचा असू शकतो. अशा वेळी फक्त जेल लावत बसू नका, फिजिशियनना सगळी लक्षणं एकत्र सांगा.

तोपर्यंत घरी काय करायचं?

साध्या छाल्यावर रामबाण औषध नाही. आग कमी करायची, जखम चिघळू द्यायची नाही आणि तिला भरायला वेळ द्यायचा.

• कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा.
• तिखट, आंबट, फार गरम आणि टोकदार पदार्थ टाळा. चिवडा, टोस्ट काही दिवस बाजूला. दहीभात, मऊ खिचडी, केळं चालेल.
• मऊ ब्रश वापरा. तोंड दुखतं म्हणून दात घासणं बंद करू नका.
• बधिर करणारं जेल जेवणाआधी लावता येतं. कोलीन सॅलिसिलेट असलेलं जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नका.
• क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशचा उपयोग होतो, पण जास्त दिवस वापरल्यास दातांवर डाग पडतात.
• स्टेरॉइडचा लेप छाला लवकर भरायला मदत करतो, मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. जखम हर्पिसची किंवा बुरशीची असेल तर तो आजार वाढवू शकतो.

तूप, ज्येष्ठमध, जाईची किंवा पेरूची कोवळी पानं चावणं, हे घरगुती उपाय बरं वाटत असेल तर करायला हरकत नाही. चुना, तुरटीची कच्ची पूड, कापूर असं पोळणारं काही जखमेवर लावू नका. आणि घरगुती उपायालाही मुदत तीच, दोन आठवडे.

अँटिबायोटिकचं काय? पेनिसिलिन बनवणाऱ्या 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' या सरकारी कंपनीची १९५४ मध्ये आपल्या पिंपरीतच स्थापना झाली. औद्योगिक पिंपरीची ओळख घडवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांतला तो एक. अँटिबायोटिकनं असंख्य जीव वाचवले, पण जिवाणूंपासून. साधा छाला जिवाणूंमुळे होत नाही, त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिकची पट्टी घेण्यात काही अर्थ नाही. वर्षातून अनेकदा तोंड येत असेल तर हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ ची तपासणी करून घ्या. शक्यतो बी-१२ ची गोळी सुरू करण्याआधी, नाहीतर रिपोर्ट चुकीचा दिलासा देतो.

डॉक्टर काय करतात? बायोप्सीनं कॅन्सर पसरतो का?

तपासणी सोपी आहे. दातांचे डॉक्टर किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ चांगल्या उजेडात पूर्ण तोंड पाहतात, बोटानं जखमेची कड चाचपतात, मानेतल्या गाठी तपासतात. टोकदार दात दिसला तर तो गुळगुळीत करतात आणि पुन्हा बोलावतात. शंका असेल तर जागा बधिर करून जखमेचा छोटा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. हीच बायोप्सी. भरती व्हावं लागत नाही, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

"सुई लागली की, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो" ही भीती गावाकडून कारखान्यापर्यंत सगळीकडे आहे. तोंडाच्या बायोप्सीमुळे आजार पसरतो असं नाही. तो पसरतो तपासणी टाळल्यानं गेलेल्या महिन्यांमुळे. आणि बायोप्सीचा अहवाल पुष्कळदा 'कॅन्सर नाही' असाही येतो.

नुसतं तोंड उघडून पाहण्यानं किती फरक पडतो, याचा पुरावा भारतातच आहे. केरळमधल्या तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. लागलं काय? एक टॉर्च आणि शिकवलेली नजर.

आकडे सांगतात हा प्रश्न किती मोठा आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले, तर जवळपास ८० हजार मृत्यू झाले. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे.

महाराष्ट्रानं हे जवळून पाहिलंय. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तेव्हा गृहमंत्री असलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. वय होतं ५७. शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं, उपचार झाले, आणि त्यानंतर दोन दशकं ते राजकारणात सक्रिय राहिले. आपल्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला आहे. चित्रपट सुरू होण्याआधी दाखवली जाणारी ती तंबाखूविरोधी जाहिरात आठवते? त्यातला तरुण भुसावळचा होता. वय २४. आपल्याकडे अप्रेंटिसशिप संपवून पहिल्यांदा पक्क्या नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलांचं जे वय असतं, तेच.

आपल्या भागात दाखवायचं कुठे?

पिंपरीच्या संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दंत किंवा कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढा. त्याच परिसरात डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात तोंडाच्या आजारांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. चाकण परिसरात राहणाऱ्यांना पहिली तपासणी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्यांकडे करता येते. ट्रॅफिकमधून पिंपरीपर्यंत जायचंय म्हणून ती पुढे ढकलू नका.

पगारातून ईएसआय कापला जात असेल (जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा २१ हजार रुपये, कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का), तर तुमच्या दवाखान्यातून चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयाची चिठ्ठी मिळू शकते. कंत्राटी कामगारांनाही हे लागू आहे. ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या.

"सुट्टी घेतली तर हजेरी जाते, काही निघालं तर नोकरी जाईल," ही भीती खरी आहे आणि तपासणी लांबण्याचं ते एक मोठं कारण असतं. म्हणून हेही माहीत असू द्या: ईएसआयमध्ये अटी पूर्ण करणाऱ्यांना आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत लाभ वाढवता येतो. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार समाविष्ट आहेत. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

वयाची तिशी ओलांडली असेल तर सरकारी कार्यक्रमात आरोग्य केंद्रावर तोंडाची मोफत तपासणी होते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब, साखर, डोळे, कान पाहिले जातात. डॉक्टरांना "तोंडही बघा" एवढं सांगायला मिनिट लागतं. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• छाला दुखतो, जागा बदलतो, १४ दिवसांत जातो: घरी काळजी घ्या.
• जखम एकाच जागी आहे, टणक आहे, दुखत नाही: दुखत नाही म्हणूनच जास्त लक्ष द्या.
• दोन आठवडे झाले: दंतवैद्य किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ.
• ताप, अंगावर फोड, श्वासाला त्रास, पाणी गिळता न येणं: आजच रुग्णालय.
• बायोप्सी सांगितली: घाबरू नका, टाळू नका.

आज रात्री ब्रश करताना आरशासमोर उभं राहा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. दोन्ही गाल बोटानं बाजूला करून पाहा, ओठ उलटून पाहा, जीभ वर करून आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहा. दोन मिनिटं लागतील. काही नसेल तर उत्तम. काही दिसलं तर एक फोटो काढा, आजची तारीख लक्षात ठेवा आणि बरोबर दोन आठवड्यांनंतरचं रिमाइंडर लावून ठेवा. ते वाजेल तेव्हा जखम नसेल, तर रिमाइंडर पुसून टाका. असेल, तर त्या दिवशी अर्धी सुट्टी टाका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)